बारा-बाराची जोडी

इंदिरानगर, नाशिक
गुरुवार, सकाळी साडेनऊ (भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे, तेव्हा सव्वानऊ धरा)

ती. चिमाजी दाजी यांच्या चरणी, जन्माने येवलेकर आणि गेली तीन वर्षं नाइलाजाने नाशिककर असलेल्या तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे वाल्मीकचा, साष्टांग नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारत नाही, कारण तो दुखायला लागला असता तर आक्काचा फोन आला असता. आक्काची साखर कशी आहे? ती चहात कमी घालते आणि शिऱ्यात भरून काढते, तिकडे लक्ष असू द्या. उन्हाळ कांदा चाळीत पडला का? इकडचं सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तसं क्षेम आहेच, फक्त कुणी कुणाशी बोलत नाही आणि घरात चार दिवस मिक्सर लागलेला नाही.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तुम्ही फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवता आणि मग माझ्या घरातली गोष्ट निम्म्या चांदवडला कळते. (मागच्या दिवाळीत माझ्या मूळव्याधीची चौकशी एसटीच्या कंडक्टरने केली होती, तीही चालत्या गाडीत, तिकीट फाडता फाडता.) दुसरं म्हणजे आमचा फ्लॅट असा की हॉलमध्ये कुजबुजलं तरी आतल्या खोलीत तेजूला ऐकू जातं, आणि हा विषय तिच्या कानावर जायला नको आहे. तेव्हा पत्र वाचून झालं की चुलीत घाला. आक्काला दाखवलंत तरी चालेल, पण मग तिलाही चुलीपाशीच बसवा.

(थांबा, उठून बघून येतो. आलो. अठरा टक्के. कशाचे ते पुढं कळेल.)

तुमची भाची तेजस्विनी कॉम्प्युटरवर चित्रं करते हे तुम्हाला माहीत आहे. नुसती काढत नाही, ती चित्रं हलवते. सध्या ती माझी शेवटची पैठणी करते आहे. म्हणजे डोळे उतरल्यावर माग सोडताना मी जी विणली, जी तेजूच्या आईने, लंकाबाईने, एकदाच नेसून कपाटात ठेवली, ती. तेजूने तिचा धागा न् धागा कॉम्प्युटरमध्ये घातला आहे. चाळीस सेकंदांची फिल्म आहे. आधी लांबून आख्खा पदर दिसतो, मग आपण जवळ जवळ जातो आणि शेवटी मोराच्या मानेतल्या जरीतून मुंगी चालावी तसे आत शिरतो. मी पहिल्यांदा अर्धवट बघितली तेव्हा पाणी प्यायला उठलो. ही फिल्म येत्या सोमवारी बंगळूरच्या एका स्टुडिओला पाठवायची आहे. त्यांना पसंत पडली तर तेजूला तिथं कायमची नोकरी. म्हणजे राहायलाही तिथंच. माझी मनापासून इच्छा आहे की फिल्म वेळेत व्हावी. हे मी दोनदा लिहितो म्हणून तुम्ही काही वेगळं समजू नका. माझी मनापासून इच्छा आहे.

आता अडचण अशी की कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक कार्ड म्हणून एक भाग असतो. दिसायला विटेएवढा, अंगावर पंखे, आणि चित्राचं सगळं काम त्याच्या गळ्यात. त्यात दोन गोष्टी बघायच्या असतात. एक त्याच्या हाताचा वेग आणि दुसरी त्याची स्वतःची मेमरी, जी कार्डाच्या अंगातच बसवलेली असते. तेजूने मला हे मागावरून समजावलं. पदरावर मोर विणायला बसलं की प्रत्येक रंगाच्या रेशमाची कांडी हाताशी लागते. सगळ्या कांड्या हाताशी मावल्या तर विणकर बसल्या जागी विणत जातो. नाही मावल्या तर दर दोन धाग्यांना उठायचं, आतल्या खोलीत जायचं, कांडी आणायची, परत बसायचं. मग तो कितीही चपळ असला तरी दिवस उठबशीतच जाणार. तिच्या पैठणीला एकोणीस जीबी लागतात आणि जुन्या कार्डात होते आठ. ते तर उठबशाही काढत नव्हतं, सरळ मेमरी संपल्याची पाटी दाखवून बंद पडत होतं. गेम खेळणाऱ्या पोरांना बारा पुष्कळ होतात, सोळा म्हणजे चैन, पण आख्खा पदर धाग्याधाग्यानं आत घ्यायचा तर चोवीस पाहिजेत, हे तिनं मला तीनदा सांगितलं. वर चिठ्ठीवर लिहून दिलं आणि चोवीसच्या खाली दोन रेघा मारल्या.

तिनं एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या शहजादकडे फोनवर सगळं ठरवून ठेवलं होतं. शहजाद म्हणजे येवल्याच्या आपल्या इब्राहिमचा थोरला. इब्राहिम आणि मी तीस वर्षं भिंतीला भिंत लावून माग चालवले, तेव्हा दुकान घरचंच. तेजूला कामातून उठता येईना, म्हणून मागच्या शनिवारी मी म्हटलं, मी आणतो. ती म्हणाली, पप्पा, फक्त पिशवी घेऊन यायचं आहे. आता दाजी, तुम्हीच सांगा. आमच्यात रेशीम घ्यायला घरातला कर्ता जातो, लड हातात घेतो, दोन बोटांत चोळतो, उन्हात धरतो, आणि मग हो म्हणतो. नुसती पिशवी घेऊन यायला मी काय कुरिअरवाला आहे? मी शहजादला डबा उघडायला लावला. कार्ड हातात घेतलं, वजन बघितलं आणि उन्हात धरायला म्हणून रस्त्यावर आणलं. शहजाद चाचा, चाचा करत मागं धावला. (एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं की कितीला विकताय.)

उन्हात बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की हे चोवीसवालं कार्ड गेल्या पिढीचं आहे. आत दुकानात या वर्षीचं नवंकोरं ठेवलं होतं. अंगानं सडपातळ, वेगानं जास्त, पण मेमरी बारा. मी विचारलं, हेच घेतो, मेमरी मागाहून वाढवून मिळेल का? तो म्हणाला, नाही, ती अंगातच असते, जन्माला येताना जेवढी आणली तेवढीच. मग मला तुम्ही आठवलात. तुम्ही पंप दोन घेता, छत्र्या दोन घेता, आक्काला मंगळसूत्रंसुद्धा दोन केलीत. एकटी वस्तू घरात आणायची नाही हा तुमचा नेम. आणि मोठ्या पदराला आपल्याकडं एका मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसतातच की. हा डावीकडून येतो, तो उजवीकडून, मोर मधोमध पुरा होतो. बारा आणि बारा चोवीस. शिवाय वेग दुप्पट. शहजाद काहीतरी सांगत होता, पण दुकानात गर्दी होती. मुलीला विचारलंय असं मी त्याला सांगितलं (हे तेवढं खरं नव्हतं) आणि जोडी घेऊन घरी आलो.

तेजूने पिशवीतून दोन डबे काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग एवढंच म्हणाली, पप्पा, दोन? मी तिला दोन विणकरांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली की हे एका मागावरचे दोन विणकर नाहीत, हे दोन वेगळे माग आहेत. प्रत्येकाला सगळ्या कांड्या स्वतःजवळ लागतात. याचे बारा त्याच्या उपयोगाचे नाहीत आणि त्याचे बारा याच्या. चित्र बारात मावलं तर दोघं मिळून भराभर करतील, नाही मावलं तर दोघंही एकदमच बंद पडतील. मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, परत करता येतील? मी म्हटलं, उघडलेला डबा शहजाद घेत नाही. ती म्हणाली, बरं, बघते. चिडली नाही, आदळआपट नाही. आपलं पोर आपल्यावर ओरडलं नाही की माणूस घरात कुठं बसायचं तेच विसरतो. मी त्या दिवशी तीन वेळा गच्चीवर जाऊन आलो.

(बघून आलो. चव्वेचाळीस. पंख्यांचा आवाज वाढला आहे.)

मग सुरू झालं ते सगळं. दोन कार्डं कॉम्प्युटरच्या पेटीत मावेनात म्हणून पेटीची एक बाजू काढून टाकली आणि तिथं हॉलमधला टेबलफॅन लावला. आता हॉलमध्ये पंखा नाही आणि आतल्या खोलीत भट्टी. पहिल्या दिवशी दोन्ही कार्डं जोरात आली आणि त्याच वेळी लंकाबाईने चटणीला मिक्सर लावला. आख्ख्या घराची वीज गेली. तेव्हापासून मिक्सर बंद आहे आणि लंकाबाई खलबत्त्यात ठेचा कुटते. कुटताना ती माझ्याकडे बघते. तिला पाटा-वरवंट्याची, उखळाची सवय आहे, कष्टाचं तिला काही वाटत नाही, पण ती ज्या पद्धतीने बघते ते मला बरं वाटत नाही. काल तिनं कॉम्प्युटरच्या मागं जिथनं गरम वारा येतो तिथं परातीत कुरडया वाळत घातल्या. दोन तासांत खडखडीत वाळल्या. म्हणजे दाजी, कार्डं अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

पण खरं दुखणं पुढं आहे. एकोणीसचं बारात बसवायचं म्हणून तेजू छाटाछाट करायला लागली. आधी काठावरची वेलबुट्टी विरळ केली. मावेना. मग जरीचा एकेक धागा काढून तिथं नुसता पिवळा रंग फासला. मावेना. काल तिनं मोराच्या पिसाऱ्याला हात घातला. मी मागं स्टुलावर बसून बघत होतो. मी ज्या पिसाऱ्याला पावणेदोन महिने दिले त्यातली पिसं ती एका बोटानं घालवत होती आणि दर वेळी मान वळवून विचारत होती, पप्पा, हे काढलं तर चालेल? मी काय सांगणार? चालेल, चालेल म्हणालो. चालेल म्हणता म्हणता मोराची कोंबडी झाली. तरी काल दुपारी एकसष्ट टक्क्यांवर दोन्ही कार्डं एकदम आडवी झाली. आज सकाळपासून तिनं परत लावलं आहे, आणखी काहीतरी काढून. काय काढलं ते मी विचारलं नाही.

असो. फार लांबलं. मुलांना आशीर्वाद, तुमच्या दोन्ही गाईंना चारा आणि आक्काला नमस्कार. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमचा,
वाल्मीक

ता. क. : (गुरुवार, दुपारी) अठ्ठावन्न टक्क्यांवर दोन्ही कार्डं परत आडवी झाली. खरी गोष्ट लिहायची राहिली. तुमच्याकडं एक काम होतं. तेजूला फोन करून एवढंच सांगा की जोडी घ्यायचा सल्ला तुम्हीच मला दिला होता. तुमच्या घरी सगळं जोडीनंच असतं, तिला लगेच पटेल. तिचा तुमच्यावर जीव आहे, तुम्हाला ती काही बोलणार नाही. मला मात्र तिची ती शांतता आता सहन होत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. स्पीकर बंद ठेवा.

ता. क. २ : (शुक्रवार) वरचा फोन करू नका. पत्र काल टाकता आलं नाही. इंदिरानगरात टपालपेटी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. एकाने मला कचऱ्याची पेटी दाखवली. तेवढ्या चालण्यात विचार केला आणि आता खरं लिहितो. शहजाद शनिवारी काहीतरी सांगत होता असं मी वर लिहिलं आहे. तो काहीतरी सांगत नव्हता. त्यानं दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बाजूला केली, माझा हात धरला आणि विचारलं, "चाचा, दोन मागांवर मिळून एक पदर विणता येतो का? तुम्ही मला सांगा, मी तर पोरगा हाय." दाजी, मी चाळीस वर्षं मागावर बसलो आहे. मला कळणार नाही? मला त्याच क्षणी कळलं. आणि उघडे डबे आठ दिवसांत बदलून देतो असंही त्यानं आपणहून सांगितलं होतं. मी जोडीच द्या म्हणालो, कारण फिल्म झाली की पोरगी बंगळूरला जाणार हे मला ठाऊक होतं. रस्त्यात उन्हात कार्ड धरलं तेव्हाच मनात आलं होतं. लंकाबाईने पहिल्या दिवशीच ओळखलं. काल ती ठेचा कुटता कुटता म्हणाली, "तुम्ही लय शहाणे. पोरगी थांबवायची तर तोंडानं थांब म्हणायचं. तिच्या कामात काड्या कशाला घालायच्या? आणि तो मोर काय तिचा एकटीचाच हाय?" मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण ठेचा घेतला नाही.

आज सकाळी तेजूने मला विचारलं, पप्पा, मोराचा डोळा काढला तर चालेल? मी उठलो, दोन्ही कार्डं काढून दे म्हणालो, पिशवीत घातली आणि शहजादकडे गेलो. त्यानं जोडी ठेवून घेतली. चोवीसवालं काढून दिलं. या खेपेला मी ते उन्हात धरलं नाही.

ता. क. ३ : (पुढचा गुरुवार) पत्र अजून माझ्याच खिशात आहे, घडीवर फाटलं आहे, चालवून घ्या. शुक्रवारी दुपारी तेजूने काढलेलं सगळं परत घातलं. वेलबुट्टी, जर, पिसारा, सगळं. एकोणीसचे एकोणीस जीबी आत गेले आणि कार्ड कुरकुरलंसुद्धा नाही. मी तिच्या मागं उभा राहून टक्के मोजत होतो. नव्वदच्या पुढं मला उभं राहवेना म्हणून गॅलरीत गेलो, तिथंही राहवेना म्हणून परत आलो. शंभर झाले. फिल्म बघितली. मोराच्या मानेत एका ठिकाणी माझा एक धागा चुकला होता, तो मी आजवर कुणाला दाखवला नव्हता. तिनं तो तसाच ठेवला आहे आणि तिथं थोडं थांबून पुढं जाते.

मग मी तिला सांगून टाकलं. शहजादचं, आठ दिवसांचं, सगळं. ती म्हणाली, "मला शनिवारी संध्याकाळीच माहीत होतं, पप्पा. शहजादभाईनं फोन केला होता." मी म्हटलं, मग तू गप्प का राहिलीस? दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणायचं. तिनं फिल्म परत सुरुवातीला नेऊन ठेवली. मग म्हणाली, "माझंपण ठरत नव्हतं. म्हटलं, नाहीच झाली फिल्म, तर बरंच आहे. कार्डानं ठरवलं असं म्हणता आलं असतं." तेव्हा दाजी, सहा दिवस आम्ही दोघं एकाच खोलीत बसून एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. आणि शेवटी पिशवी उचलून शहजादकडं गेलो तो मीच.

सोमवारी फिल्म पाठवली, काल त्यांचा होकार आला. एकवीस तारखेला ती निघते. संध्याकाळची बस आहे. मी तिला सांगितलं आहे की मला फार आनंद झाला आहे, तू बिनघोर जा, आम्हाला काही वाटणार नाही. तिनं विचारलं, खरंच? मी म्हटलं, खरंच. एवढं सगळं कबूल करून झाल्यावर हे एक नवीन खोटं होऊन बसलं आहे आणि ते मला एकवीस तारखेपर्यंत ओढायचं आहे.

म्हणून हे पत्र. तुम्ही एकवीसला दुपारपर्यंत नाशिकला या. गुडघा दुखत असला तरी या. स्टँडवर लंकाबाईचा उपयोग नाही, ती आत्तापासूनच रडते आहे. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा आणि बस सुटेपर्यंत बोलत राहा. कशाबद्दलही बोला, मोठ्यानं बोला, मध्ये थांबू नका. तुम्ही थांबलात की मला बोलावं लागेल, आणि मी तोंड उघडलं तर तिला थांब म्हणेन. ती थांबेलसुद्धा.